नेतृत्वाच्या धड्यातून गाळलेले नाशिक

मराठीतून राज्यशास्त्र, लोकप्रशासन, समाजशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र यांपैकी कशातही एम.ए. केलेल्या माणसाला 'नेतृत्व' हे प्रकरण झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. आधी अर्थ, मग चार-पाच व्याख्या, मग वैशिष्ट्ये, मग प्रकार, मग यशस्वी नेत्याचे गुण आणि शेवटी समारोप. गुणांमध्ये दूरदृष्टी, आत्मविश्वास, निर्णयक्षमता, संवादकौशल्य ही मंडळी ठरलेली. प्रकार तीन: हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त. परीक्षेत 'नेतृत्वाचे प्रकार सांगून यशस्वी नेत्याचे गुण स्पष्ट करा' असा दहा-पंधरा गुणांचा प्रश्न येतो, आणि ज्याने कधी पाच माणसांची सभाही घेतलेली नाही त्याला त्यात चांगले गुण मिळू शकतात. उलट ज्या बाईने पाच वर्षे सरपंचपद निभावले आहे, तिला आपल्या अनुभवातले एकही वाक्य त्या उत्तरात बसवता येत नाही.

हे प्रकरण वाईट लिहिलेले असते अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. काही लेखकांनी ते नेटके लिहिले आहे. अडचण वेगळी आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे ज्या पद्धतीने एखाद्या गोष्टीकडे पाहतात, ती पद्धतच या प्रकरणात दिसत नाही. त्यात काळ नाही, जागा नाही, वाद नाही, आणि सगळ्यांत नवल म्हणजे अनुयायी नाहीत. नेता एकटाच उभा आहे आणि आपण त्याचे गुण मोजतो आहोत.

आज याकडे पाहण्याची निकड आहे, कारण नेतृत्व हा आता एका प्रकरणापुरता विषय उरलेला नाही. पुण्यात २००५ साली एमआयटीने राजकीय नेतृत्व आणि शासन यांचे शिक्षण देणारी स्वतंत्र संस्था काढली. रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीने भाईंदरजवळच्या उत्तनला नेतृत्व, राजकारण आणि शासनव्यवहार यांवर पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'जीवन कौशल्य' अभ्यासक्रमाच्या चार भागांपैकी एक भाग नेतृत्व आणि व्यवस्थापन कौशल्यांचा आहे. कला शाखेचे वर्ग रिकामे पडत असताना 'लीडरशिप' हा शब्द विद्यार्थी खेचतो, हे विभागप्रमुखांनाही कळले आहे. तेव्हा या नावाखाली नेमके काय शिकवले जाणार, हा केवळ अभ्यास मंडळाच्या बैठकीपुरता प्रश्न नाही.

तीन प्रकार आले कुठून?

हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त ही त्रयी आपण इतक्या सहजपणे पाठ करतो की ती कोणी, कशासाठी मांडली हे विचारण्याचे सुचत नाही. तिचा उगम अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत आहे. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोग होते दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर. शाळा सुटल्यावर ही मुले छोट्या मंडळांत जमून मुखवटे बनवणे वगैरे हस्तकलेची कामे करत. प्रत्येक मंडळावर एक मोठा माणूस नेमलेला असे. तो कधी हुकूम सोडून काम करवून घेई, कधी मुलांशी चर्चा करून, तर कधी मुलांना त्यांच्या मनावर सोडून देई. हुकमी पद्धतीच्या मंडळात तो माणूस खोलीबाहेर गेला की काम थंडावायचे; चर्चेने चालणाऱ्या मंडळात ते चालू राहायचे.

प्रयोग साधा होता, त्यामागचा प्रश्न मात्र साधा नव्हता. लेविन हे ज्यू होते आणि हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. माणसे हुकमाला मान का तुकवतात, आणि लोकशाही वागणूक शिकवता येते का, हा त्यांच्या आयुष्याला भिडलेला सवाल होता. आपल्या पाठ्यपुस्तकांनी या संशोधनातून तीन नावे घेतली आणि प्रश्न तिथेच ठेवला. मग व्हायचे तेच झाले. आयोवातल्या शाळकरी पोरांच्या मुखवट्यांवरून निघालेले प्रकार आपण जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना, साखर कारखान्याच्या चेअरमनना आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना लावतो आणि त्याला सामाजिक शास्त्र म्हणतो.

दुसरे उदाहरण जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांचे. बर्न्स राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांचे चरित्रकार. १९७८ साली आलेल्या 'लीडरशिप' या ग्रंथात त्यांनी दोन प्रकारच्या संबंधांत फरक केला. एकात देवघेव असते: मत द्या, काम करून देतो. दुसऱ्यात नेता आणि अनुयायी एकमेकांना वरच्या पातळीवर नेतात; दोघेही बदलतात. बर्न्स यांची ही मांडणी इतिहास वाचून झालेली होती आणि तिच्या केंद्रस्थानी संबंध होता. १९८५ नंतर बर्नार्ड बास यांनी ती व्यवस्थापनशास्त्रात नेली आणि तिची प्रश्नावली झाली. 'परिवर्तनवादी नेतृत्व' आता गुणांकनाच्या पट्टीवर मोजता येते. दोन्ही उदाहरणांत वाट एकच दिसते. इतिहासातून निघालेला प्रश्न आधी संकल्पना होतो, मग वर्गीकरण, मग परीक्षेतली टीप. विद्यार्थ्याच्या हाती शेवटची पायरी पडते.

नाशिकचा विद्यार्थी

नाशिकमध्ये हा मुद्दा अधिक टोकदार होतो, त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण गंगापूर धरणाच्या रस्त्यावर आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे ही त्याची एक विद्याशाखा. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी नेहमीच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यासारखा नसतो. तो नोकरी करून, घर सांभाळून, रात्री जेवणखाण आटोपल्यावर पुस्तक उघडतो. पुष्कळदा तो आधीच कुठले तरी पद निभावत असतो. शालेय व्यवस्थापन पदविका घेणारा शिक्षक उद्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणार असतो. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव केल्या, त्यानंतर पद आधी आणि पदवी नंतर असा क्रम असलेल्या स्त्रिया गावोगाव आहेत. एकनाथ शिंदे यांनी राज्याचे मंत्री असताना याच विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केले. नेतृत्व करून झाल्यावर किंवा करता करता शिकणारा हा वर्ग आहे. त्याला 'नेत्याच्या अंगी आत्मविश्वास हवा' हे सांगून आपण नवे काय देतो?

दुसरे कारण पंचवटीत आहे.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दांडीयात्रा निघायला तेव्हा दहा दिवस अवकाश होता. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले आणि चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. धनंजय कीर यांनी आंबेडकरांच्या चरित्रात पहिल्या तुकडीची संख्या दिली आहे: सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्याबाबत दोन्ही बाजूंत समझोता झाला होता. तो पाळला गेला नाही, दगडफेक झाली. आंदोलन पुढे वर्षानुवर्षे थांबत, पुन्हा उभे राहत चालले. या काळात डॉ. आंबेडकर गोलमेज परिषदांसाठी वारंवार लंडनला होते. नाशिकची आघाडी ज्यांनी सांभाळली त्यांत प्रमुख होते सत्याग्रह समितीचे सचिव भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे दादासाहेब. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

नेतृत्वाचे प्रकरण या घटनेवर लावून पाहा. आंबेडकरांचे नेतृत्व कोणत्या प्रकारचे? 'लोकशाही' लिहिले तर गुण मिळतील. पण दरवाजावर बसलेल्या पंचवीस स्त्रियांचे काय? त्यांना घरून कोणी पाठवले, की कोणी अडवले? रोज कोण बसणार हे कोणी ठरवले? बुडालेली मजुरी कोणी भरून काढली? नेता साता समुद्रापार असताना बंद दारासमोर माणसे का टिकली? लेविन यांना पडलेला प्रश्न हाच तर होता: मोठा माणूस खोलीबाहेर गेल्यावर काम चालू का राहते? आयोवातल्या प्रयोगाला नाशिकने खऱ्या आयुष्यातली जोड दिली आहे, आणि आपला धडा आयोवाचे नाव घेऊन नाशिकपाशी गप्प बसतो.

एक पत्र

या सत्याग्रहाच्या अखेरीचे एक पत्र उपलब्ध आहे. १९३४ची रामनवमी जवळ आली होती. सत्याग्रह पुन्हा सुरू करावा की नाही, हे गायकवाडांनी आंबेडकरांना विचारले. ३ मार्च १९३४ रोजी आंबेडकरांनी उत्तर दिले. मूळ पत्र इंग्रजीत आहे. त्याचा आशय असा: यंदा तर करू नयेच, पण आता हा सत्याग्रह कायमचाच थांबवावा. ज्याने तो सुरू केला त्यानेच असे म्हणावे याचे कोणाला आश्चर्य वाटेल. परंतु अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे, किंवा मंदिरात गेल्याने ते समान होतील, अशा समजुतीने ही चळवळ आपण काढलीच नव्हती. आपल्या लोकांत चेतना यावी, स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो उत्तम मार्ग वाटला. ते काम झाले. आता बळ शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावे.

मराठीत नेतृत्वावर जे काही लिहिले गेले आहे, त्यात या पत्राच्या तोडीचे फार थोडे सापडेल. ते समजून घ्यायला मानव्यविद्येची हत्यारे लागतात. पहिले म्हणजे तारीख पाहावी लागते. मंदिरप्रवेशाची विधेयके तेव्हा केंद्रीय कायदेमंडळात चर्चेत होती, पुणे करारानंतर गांधीजींचा हरिजन दौरा चालू होता आणि मंदिरप्रवेश हा सवर्ण सुधारकांचाही कार्यक्रम झाला होता. मागणी इतरांनी उचलली की ती मूळ मागणाऱ्याची राहते का, हा प्रश्न या पत्राच्या पाठीशी आहे. दुसरे म्हणजे पत्र कोणाला लिहिले आहे ते पाहावे लागते. चार वर्षे दारात बसलेल्या लोकांना 'आता पुरे' हे सांगण्याची वेळ आंबेडकरांवर नव्हे, गायकवाडांवर येणार होती. तिसरे, त्यात एक अवघड दावा आहे: उद्दिष्ट दार उघडण्याचे नव्हतेच. दारात बसलेल्या प्रत्येकाला ते तसेच वाटत होते का? एखादी म्हातारी खरोखर रामाच्या दर्शनासाठी बसली नसेल? चळवळीचा अर्थ नेत्याने नंतर सांगायचा, की चळवळीतल्यांनी?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पत्रात नाही आणि ते एका ओळीत देता येणारही नाही. पण पदव्युत्तर अभ्यास म्हणतात तो हाच. पत्रातला निर्णय थोर मानूनही त्याची तपासणी करता येते. दीड वर्षाने, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. तिचा धागा या पत्रापर्यंत मागे नेता येतो. 'दूरदृष्टी' या गुणाचे उदाहरण म्हणून ही घोषणा लिहिता येईल, पण मग १९३४ साली पुढचे काहीही ठरलेले नसताना निर्णय कसा घेतला गेला, हे दिसेनासे होते. दूरदृष्टी हा शब्द निकाल लागल्यानंतर बहाल केला जातो. निर्णयाच्या क्षणी नेत्याजवळ असतात ती अर्धवट माहिती, थकलेले कार्यकर्ते आणि समोर आलेले एक पत्र.

एक मतदारसंघ, दोन खासदार

गायकवाडांचे पुढचे आयुष्यही अभ्यासाला तितकेच अवघड आहे. १९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. दुसऱ्या वेळी लाखो माणसे तुरुंगात गेली. काळारामच्या दारात जे संघटन शिकले गेले, ते तीस वर्षांनी जमिनीच्या मागणीसाठी कामाला आले असे म्हणायला जागा आहे.

याच नाशिकमधून १९६३च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले होते. चव्हाण स्वतः इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेले, म्हणजे मानव्यविद्येचेच विद्यार्थी. त्यांचे 'बेरजेचे राजकारण' मराठी माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला आणि महार वतनाचे जोखड उतरले. नवबौद्धांना सवलती मिळाल्या त्या १९६०नंतर, त्यांच्याच काळात. बेरजेतून दलितांच्या पदरात काही पडले नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. पुढे १९६७च्या सुमारास गायकवाड गटाने काँग्रेसशी समझोता केला. त्यातून काय पडले आणि काय गेले, यावर वाद अजून संपलेला नाही. गायकवाड १९७१च्या डिसेंबरात वारले. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली आणि तिच्या १९७३च्या जाहीरनाम्यात रिपब्लिकन पुढाऱ्यांवर जळजळीत टीका आहे.

आता गायकवाडांना 'यशस्वी नेता' म्हणायचे की नाही? गुणांच्या यादीपुढे हा प्रश्न अडतो. दारात चार वर्षे टिकणारा, लाखोंना तुरुंगात नेणारा माणूस सत्तेशी समझोता करतो, यात यादीतला कोणता गुण कमी पडला? कदाचित कोणताच नाही. बेरीज करणारा पक्ष प्रबळ असतो तेव्हा अल्पसंख्य चळवळीपुढे कोणते पर्याय उरतात, हा व्यक्तीच्या गुणांपलीकडचा प्रश्न आहे. समाजशास्त्राचे आणि इतिहासाचे काम इथे सुरू होते आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराचे इथे संपते.

यादीच्या बाजूने

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. दूरशिक्षणाच्या पुस्तकाला यादी लागते. रात्री दहा वाजता, समोर शिक्षक नसताना वाचणाऱ्या बाईला मुद्देसूद मजकूर हवा. तिला १९३४चे पत्र आणि त्यावरचे पाच दृष्टिकोन देणे हा शहरी प्राध्यापकाचा शौक झाला. स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांनी मराठीत सोपी, चौकटी-उद्दिष्टांची जी भाषा घडवली तिने हजारोंना पदवीपर्यंत नेले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. शिवाय कौशल्येही लागतातच. इतिवृत्त कसे लिहावे, ठराव कसा मांडावा, विरोधकाला बोलू कसे द्यावे, हे सरपंचाला यायलाच हवे.

आक्षेपाचा दुसरा भाग पूर्ण मान्य करावा. इतिवृत्त लिहिणे हे 'दूरदृष्टी'पेक्षा शिकवण्याजोगे आहे आणि नेमके तेच धड्यात नसते. पहिला भाग मात्र मला पटत नाही. त्यात असे गृहीत आहे की साधा विद्यार्थी पत्र वाचू शकत नाही, यादीच वाचू शकतो. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी आयुष्यात कोणाचे तरी पत्र, नोटीस, परिपत्रक रोज वाचत असतो आणि ते कोणी, कोणाला, का लिहिले हे त्याला एम.ए.च्या नियमित विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळते. ज्या मुख्याध्यापकाने संस्थाचालकाचे 'तोंडी आदेश' पाळले आहेत त्याला गायकवाडांची जागा समजावून द्यावी लागणार नाही. त्याला शब्द हवेत, संदर्भ हवेत, आणि आपला अनुभव हा पुरावा आहे असा विश्वास हवा.

असा अभ्यास मराठी मुलखाला परका नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सदस्यासाठी पाच वर्षांचा शिक्षणकाळ ठेवला. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींनाही गोखल्यांनी वर्षभर देश हिंडा आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका असा सल्ला दिला होता. पुढारी होण्यापूर्वी पाहणे, वाचणे आणि गप्प राहणे हा त्या शिक्षणाचा गाभा होता. आजच्या अभ्यासक्रमांत भाषणकलेला तास असतो. गप्प राहून पाहण्याला नसतो.

नवे काही फार करायला नको. नेतृत्वाच्या पेपरात एक प्रश्न बदलला तरी चालेल. गायकवाडांना आलेले उत्तर विद्यार्थ्याच्या हाती द्यावे आणि विचारावे: हे पत्र तुम्हाला आले आहे, उद्या पंचवटीत सत्याग्रहींची सभा आहे. तिथे तुम्ही काय सांगाल, कोण विरोध करेल, आणि त्याचे म्हणणे तुम्ही इतिवृत्तात कसे नोंदवाल? या प्रश्नाचे तयार उत्तर गाईडमध्ये मिळणार नाही. तपासणाऱ्यालाही प्रत्येक उत्तरपत्रिका वाचावी लागेल.